लंडनमधला दसरा

आपल्याकडे दसरा आला की आदल्या दिवशीच झेंडूचे ढीग आणि आपट्याच्या फांद्या दारात येऊन पडतात. करणाऱ्या हातांनाही तोटा नसतो. परमुलुखात एकटे पडलेल्या माणसाने काय करावे? तिथे ना आपटा, ना घरची माणसे. तरी सण काही सुटत नाही. सन १९०९ मध्ये लंडनातल्या आपल्या मुलांनी केलेल्या दसऱ्याची हकीकत मला फार आवडते, कारण तिची सुरुवात स्वयंपाकघरात आहे.

दिवस मोठे वाईट होते. त्याच वर्षी १ जुलैला मदनलाल धिंग्रा या तरुणाने सर कर्झन वायली या गोऱ्या अधिकाऱ्याला लंडनात गोळी घातली आणि १७ ऑगस्टला त्याला फाशी झाली. हिंदी विद्यार्थ्यांवर पोलिसांची पाळत वाढली. शिवाय आपली माणसेही आपापसांत दुभंगलेली. धिंग्राचा निषेध एकमताने झाला असे एका सभेत जाहीर होऊ लागले, तेव्हा सव्वीस वर्षांच्या विनायकराव सावरकरांनी भर सभेत उठून विरोध केला. उलट दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी घेऊन आलेल्या गांधीजींनी त्या कृत्याचा स्पष्ट निषेध केला होता. गांधीजी तेव्हा चाळिशीचे. त्यांना अजून कोणी महात्मा म्हणत नव्हते.

अशा वेळी विद्यार्थ्यांनी विजयादशमीचे भोजन ठरवले आणि अध्यक्ष म्हणून गांधीजींनाच बोलावले! त्यांनी दोन अटी घातल्या. जेवण शाकाहारी हवे आणि वादाच्या राजकारणावर बोलायचे नाही. तारीख होती २४ ऑक्टोबर, वार रविवार. जागा बेजवॉटर भागातले निजामुद्दीन यांचे हिंदी उपाहारगृह.

शाकाहारी स्वयंपाक करायचा कोणी? पोरांनीच तो अंगावर घेतला. त्यांतले एक होते डॉक्टरी शिकायला गेलेले टी. एस. एस. राजन. पुढे १९३७ साली ते मद्रास प्रांताचे मंत्री झाले. त्यांनीच आठवण सांगितली आहे की, दुपारी एक लहानखुरा, किडकिडीत गृहस्थ आला आणि काही न बोलता ताटे धुऊ लागला, भाज्या साफ करू लागला. हा कोण, हे कोणी विचारले नाही. कामाच्या गर्दीत दोन हात जास्त मिळाले की आपण तरी कुठे चौकशी करतो? संध्याकाळी व्ही. व्ही. एस. अय्यर आत आले, आणि पाहतात तो संध्याकाळचे अध्यक्षच भांड्यांपाशी! पोरांना किती ओशाळल्यासारखे झाले असेल! मला मात्र यात विशेष वाटते ते हे, की ताटे घासणारा हात आणि अध्यक्षस्थानी बसणारा हात एकच होता. आपल्या घरांत असे क्वचितच घडते.

जेवणानंतर भाषणे झाली. राजकारण काढायचे नाही ही अट दोघांनीही पाळली. बोलले दोघेही रामायणावरच; पण रामायण एक आणि अर्थ दोन! राम, सीता, लक्ष्मण, भरत यांचे सत्य आणि सहनशीलता अंगी आली तर देश सुटेल, असा गांधीजींच्या बोलण्याचा रोख. विजयादशमीच्या आधी दुर्गेचे नवरात्र असते, रावणाचा वध झाल्यावरच रामराज्य आले, असा सावरकरांचा रोख. त्याच भाषणात त्यांनी असेही म्हटले की, अनेक रंगांनी इंद्रधनुष्य खुलते तसा हिंदुस्थान मुसलमान, पारशी, यहुदी अशा साऱ्यांच्या गुणांनी अधिक सुंदर दिसेल. दोघांनी एकमेकांचे नाव घेऊन वार केले नाहीत. पानावर बसलेल्या माणसांनी एकमेकांचा मान राखला. सण नसता तर ती माणसे एका पंगतीला आली असती की काय, याची मला शंकाच आहे.

पुढे वाटा लांब गेल्या. १३ नोव्हेंबरला गांधीजी आफ्रिकेला जाणाऱ्या बोटीत बसले आणि त्या प्रवासातच त्यांनी 'हिंद स्वराज' हे पुस्तक गुजरातीत लिहून काढले. सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडले. पुढे दोन जन्मठेपा आणि अंदमान. त्यानंतर गांधीजी त्यांना भेटले ते १९२७ साली, रत्नागिरीस, त्यांच्या घरी जाऊन.

लंडनच्या या पंगतीविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. त्याच दसऱ्याला इकडे सावरकरांच्या घरी काय झाले असेल, हे मात्र आपण बायकांनीच मनात आणावे. थोरले बंधू बाबाराव यांना त्याच जून महिन्यात जन्मठेप सांगितलेली. विनायकरावांचा लहानगा प्रभाकर देवीच्या आजाराने गेलेला, आणि बापाला त्याचे शेवटचे दर्शनही नाही. घरात यमुनाबाई आणि थोरल्या जाऊ येसूवहिनी. या येसूवहिनींनी नाशकात बायकांचा आत्मनिष्ठ युवती संघ चालवला होता, म्हणजे आपल्यासारख्याच मंडळवाल्या. बाबारावांच्या शिक्षेनंतर लंडनाहून दिराने त्यांना धीर देणारी कविता पाठवली होती. १९१९ साली त्या वारल्या. पतीची भेट त्यांना पुन्हा झाली नाही.