आनंदाचें द्रव्य

नांदेड-लातूरकडील लोकांस अंबाडीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, सालीचे दोर वळले जातात. तिचें कातरलेलें पान भांगेच्या पानाशीं मिळतेंजुळतें असतें; म्हणून शास्त्रज्ञांनीं तिला ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ असें भांगेवरूनच नांव दिलें. परंतु साम्य तेथेंच संपतें. अंबाडी खाऊन कोणी झिंगत नाहीं. भांगेनें मात्र माणसाचें भान हरपतें. असें कां व्हावें?

भांगेचा हा गुण आपल्याकडे प्राचीन काळापासून ठाऊक होता. वैद्यकाच्या निघंटूंनीं तिला ‘विजया’ म्हटलें. १८३९ सालीं कलकत्त्यास डॉक्टर ओशॉनेसी यांनीं तिच्या औषधी उपयोगाविषयीं प्रयोग प्रसिद्ध केले. १८९३-९४ मध्यें सरकारी आयोगानें देशभर साक्षी घेतल्या. पण मेंदू या वनस्पतीस वश कां होतो, याचा उलगडा कोणासच झाला नाहीं.

१९६४ सालीं इस्राएलांत मेशूलम व गाओनी यांनीं भांगेंतील मादक द्रव्य शुद्ध रूपांत वेगळें करून त्याची रचना ठरविली. १९८८ मध्यें अमेरिकेंत हाउलेट व डेव्हेन यांना उंदराच्या मेंदूंत असें स्थान आढळलें, कीं जेथें हें द्रव्य कुलपांत किल्लीप्रमाणें बसतें. हें कुलूप निसर्गानें कोणा रोपट्यासाठीं खचित घडविलें नसणार. मूळ किल्ली शरीरांतच असली पाहिजे. १९९२ सालीं जेरुसलेम येथें डेव्हेन, हानुश व मेशूलम यांनीं डुकराच्या मेंदूंतून ती शोधून काढली. तें स्निग्ध जातीचें द्रव्य होतें. संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून त्यांनीं त्याला ‘आनंदामाइड’ हें नांव दिलें.

अशीं द्रव्यें मेंदूंत सांठवून ठेवलेलीं नसतात. गरज पडतांच पेशीच्या स्निग्ध आवरणांतून तीं तयार होतात व काम होतांच नष्ट केलीं जातात. २००१ सालच्या संशोधनानें त्यांचें कार्यही उघड झालें: निरोप घेणारी पेशी त्यांच्या द्वारें निरोप धाडणारीस उलट कळविते, कीं आतां पुरे. भांगेचें द्रव्य मात्र लवकर नष्ट होत नाहीं, व हवें तेथें नको तेथें सर्वत्र तोच हुकूम बजावतें.

मग हें कुलूपच बंद केलें तर? स्थूलता घटविण्यासाठीं तसें औषध २००६ सालीं युरोपांत विक्रीस आलें. वजन उतरलें, परंतु कित्येकांस विषण्णतेनें ग्रासलें, आत्महत्येचे विचार येऊं लागले. २००८ सालीं तें मागें घ्यावें लागलें. बाहेरून ओतलेला आनंद भान हरवितो आणि आंतला अडविला तर जगणेंच नकोसें होतें. मेंदू हा आनंद मोजून मापूनच निर्माण करतो, त्याचें मर्म हेंच आहे.