अवघड जागेचं दुखणं

दुपारी पावणेचारला शस्त्रक्रिया सुरू होईल आणि डावं वृषण काढून टाकावं लागेल. मुलगा १३ वर्षांचा. तो कुणी एक नाही. अशा अनेक मुलांच्या बाबतीत जे घडतं, ते इथे एका घरात आणि एका दिवसात मांडलं आहे.

रात्री २:१०
डिसेंबरातला रविवार, अजून उजाडायचा होता. मुलगा झोपेतून एकदम उठून बसला. डाव्या जांघेत, खाली, कळ येत होती. उशाशी आईचा मोबाइल होता. त्याने वेळ पाहिली.

२:१५
वृषण ज्या दोरीला लोंबतं, तिच्यातूनच त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जातात. बहुतेकांत ते मागच्या बाजूने पिशवीला धरलेलं असतं. काही मुलांत ते जन्मतःच सुटं राहतं, घंटेच्या लोलकासारखं. बाहेरून सहसा काही कळत नाही. अशा दोरीला कधीतरी पीळ बसतो, बहुधा १२ ते १८ या वयात, अनेकदा झोपेत. आधी शिरा दाबल्या जातात, मग धमनी. रक्त थांबतं.

२:४०
पहिली उलटी. आई उठली.
“काय होतंय रे?”
“पोटात दुखतंय.”
हे खोटं नव्हतं. वृषण गर्भात पोटातच तयार होऊन खाली उतरतं, त्याच्या नसाही तिथूनच येतात. त्यामुळे कळ ओटीपोटात जाते. पण ती सुरू कुठे झाली, हे त्याने सांगितलं नाही. आईला सांगायची ती जागा नव्हती.

३:००
आजीने बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला, चिमूटभर ओवा चावायला दिला. “बेंबी सरकली असंल. सकाळपतोर उतरंल.”

४:३०
दुसरी उलटी. मुलगा कुशीवर पाय पोटाशी घेऊन पडला होता. दिवाळीतही असंच दुखलं होतं, वीसेक मिनिटं. मग आपोआप थांबलं. तेव्हा पीळ बसून स्वतःच सुटला होता. ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. आताही तो थांबायची वाट पाहत होता.

६:००
आईने चूल पेटवली. ती घाबरली नव्हती, त्याला कारण होतं. मुलगा तान्हा असताना त्याच्या अंडकोषात पाणी भरलं होतं. डॉक्टर म्हणाले, थांबा. वर्षाच्या आत ते जिरलं. तीन वर्षांचा असताना शिश्नावरची त्वचा मागे सरकत नव्हती. डॉक्टर म्हणाले, ओढू नका, वयानुसार सुटेल. तीही सुटली. दोन्ही सल्ले बरोबर होते. त्या भागाच्या तक्रारींत थांबणं हाच पुष्कळदा उपचार असतो. काहींत थांबायची मुदत ठरलेली असते: वृषण खाली उतरलं नसेल, तर सहा महिने वाट पाहतात आणि साधारण दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करतात. पीळ बसला असेल, तर मुदत तासांची असते.

८:१०
सहा तास झाले. इथपर्यंत पीळ सोडवला, तर दहातली नऊ वृषणं वाचतात. बारा तासांनंतर निम्मी वाचणंही अवघड. चोवीस तास उलटले की दहात एखादं.

८:२५
वडील साखर कारखान्यातली बारा ते आठची पाळी करून आले. “रात्री फोन का नाही केला?” आई म्हणाली, “पोटच दुखत होतं.”

९:४०
गावातला दवाखाना. बाकावर पाच जण. मुलाला तपासणीच्या टेबलावर झोपवलं, आई उशाशी उभी. डॉक्टरांनी पोट चारही बाजूंनी दाबून पाहिलं. पोट मऊ होतं. चड्डी खाली करायला सांगितलं नाही, मुलगाही बोलला नाही. पित्ताची गोळी दिली, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. “संध्याकाळपर्यंत बघा.” मुलाचं पोट दुखत असेल, तर अंडकोष पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. पडदा ओढून दोन मिनिटं पुरली असती.

११:३०
कळ कमी झाली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. इंजेक्शनने कळ दबते. मरत आलेला अवयवही दुखायचा कमी होतो.

दुपारी १२:५०
मुलगा लघवीला निघाला तो पाय फाकवून, भिंतीला धरून. वडिलांनी पाहिलं. मागोमाग मोरीत गेले, दार लोटलं. डावी बाजू लाल, उजवीच्या दुप्पट सुजलेली, वर ओढली गेलेली. “हे कधीपासून?” उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत. मोटारसायकल काढली.

१:२०
ग्रामीण रुग्णालय. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी मांडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं. एरवी त्या स्पर्शाने त्या बाजूचं वृषण वर उचललं जातं. उजवीकडे उचललं गेलं, डावीकडे काहीच हललं नाही. “गोटीला पीळ बसलाय. ऑपरेशन लागेल, आत्ता.” भूल देणारे डॉक्टर रविवारी नव्हते. १०८ ला फोन लागला. जिल्ह्याचं ठिकाण ५८ किलोमीटर.

१:४०
अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत वडिलांनी चहा आणि बिस्किटाचा पुडा आणला. मुलगा सकाळपासून उपाशी होता. नर्सने पुडा काढून घेतला. भूल द्यायची तर पोट रिकामं हवं. दोन बिस्किटं खाऊन झाली होती.

२:१०
बारा तास. अ‍ॅम्ब्युलन्स रेल्वेच्या फाटकात उभी.

३:०५
जिल्हा रुग्णालय. सर्जननी पिळाच्या शक्यतेचे गुण मोजले: टणक, २. सुजलेलं, २. स्पर्शाला प्रतिसाद नाही, १. वर ओढलेलं, १. उलट्या, १. सातपैकी सात. पाचच्या वर सोनोग्राफीसाठी थांबत नाहीत. बिस्किटांसाठीही थांबले नाहीत.

३:४५
छेद दिला. दोरीला पूर्ण दोन वेढे. पीळ उलगडला. वृषण काळंनिळं होतं. ते कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवलं.

४:००
गॉज उघडलं. रंग तोच. वरच्या आवरणाला बारीक चीर दिली. ताजं रक्त आलं नाही.

४:२०
डावं वृषण काढलं. उजवं तीन टाके घालून पिशवीला पक्कं केलं. डाव्यात असलेलं सुटेपण पुष्कळदा उजव्यातही असतं. वाढ, आवाज, मिशा, पुढे मुलं होणं, यांसाठी एक निरोगी वृषण सहसा पुरतं. सर्जननी हे वडिलांना दोनदा सांगितलं.

६:३०
वॉर्ड. केसपेपरवर एक रकाना घाईत कोरा राहिला होता. नर्सने वडिलांना विचारलं, “दुखायला कधी लागलं?”
“सकाळी,” वडील म्हणाले.
भूल पुरती उतरली नव्हती. मुलाने डोळे मिटलेलेच ठेवून दुरुस्त केलं, “रात्री. दोन दहाला.”
नर्सने लिहून घेतलं.