मोहफूल : आदिवासींच्या कोठारातून अबकारी खात्याच्या दप्तरात

शहरी वाचकाला मोह म्हटले की दारूच आठवते. ठाणे-पालघरचा डोंगरपट्टा, नंदुरबारचा सातपुडा आणि गडचिरोलीचे जंगल येथे मात्र हे झाड पिढ्यान्‌पिढ्या अन्नाचा आधार राहिले आहे.

संस्कृतात याला 'मधूक' म्हणतात. फाल्गुन-चैत्रात पाने झडलेल्या झाडावरून त्याची मांसल, फिकट पिवळसर फुले पहाटे गळतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून वा जाळून जागा मोकळी केलेली असते; बायका-मुले ऊन चढण्यापूर्वी टोपल्या भरतात. वाळलेली फुले मनुकांसारखी तांबूस होतात. ती चोळून वा बडवून आतले पुंकेसर काढले, की फुले साठवणीस योग्य होतात. मग ती उकडून खातात, चिंचोक्यांबरोबर शिजवतात किंवा कुटून पिठात मिसळून त्यांची भाकरी करतात. घरचे धान्य संपलेले आणि नवे पीक अद्याप दूर, अशा आषाढातल्या दिवसांत ही साठवण उपयोगी पडे. बियांचे तेल निघते, ते वेगळेच.

दुष्काळात तर रानावाचून गत्यंतर नसे. मूळचे गोव्याचे डॉ. जे. सी. लिस्बोआ यांनी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरसाठी लिहिलेल्या आणि १८८६ साली निघालेल्या वनस्पतिविषयक खंडात दुष्काळात पोटाला आधार देणाऱ्या वनस्पतींचीही नोंद घेतली. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती.

तरीही सरकारची नजर फुलातल्या साखरेवर होती. कारण तिच्यापासून घरोघरी दारू गाळता येई. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यावरील सरकारी पकड घट्ट झाली. चोरट्या भट्ट्यांमुळे महसूल बुडतो, या कारणासाठी १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांकरिता खास मोहफुलांचा कायदा करण्यात आला. फुले हे गरिबांचे अन्न आहे, हा आक्षेप त्याही वेळी घेतला गेला. पण तिजोरीपुढे तो टिकला नाही. दारू बाटलीत सापडण्याआधीच फूल टोपलीत पकडण्याचा हा प्रकार होता.

स्वातंत्र्यानंतरच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही मोहफुलांवरील नियंत्रण कायम ठेवले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासींची मालकी मान्य केली, तरी फुलांची साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध महाराष्ट्रात शिथिल व्हायला २०२१ साल उजाडले. दारू गाळण्यासाठी परवाना मात्र आजही लागतो.