बीदरचे रुग्णालय आणि परमुलखाची वाट

गाणगापुरास जाऊन भीमा-अमरजा संगमावर स्नान करणाऱ्या भाविकाला गुरुचरित्रातील त्या राजाची कथा नव्याने सांगावयास नको. कुरवपूरच्या रजकाने राज्यसुखाची वासना धरली, पुढील जन्मी तो वैदुर नगरीचा यवन राजा झाला, आणि मांडीवर उठलेल्या फोडाने इतका गांजला की वैद्यांचे सर्व उपाय थकल्यावर त्याला श्रीगुरूंच्या चरणांपाशी यावे लागले. कथेतील वैदुर नगर म्हणजे आपले बीदर. त्या कथेत येणारे पापविनाशी तीर्थ पापनाश या नावाने आजही तेथे दाखविले जाते.

राजाचे नाव ग्रंथकार सरस्वती गंगाधर सांगत नाहीत. तथापि दुसरा अल्लाउद्दीन अहमदशहा बहमनी (१४३६–१४५८) हाच तो असावा, असा पुष्कळ अभ्यासकांचा तर्क आहे. इ. स. १४५३ मध्ये या सुलतानाच्या पायास असा विकार जडला की तो महालाबाहेर पडेनासा झाला आणि तो मेला अशी आवई उठून नलगोंड्याकडे बंडही झाले. भक्ताच्या श्रद्धेला या पुराव्याची गरज नाही, आणि इतिहासकाराने भक्ताच्या वाटेला जाऊ नये. आम्हांस येथे वेगळाच प्रश्न पडतो. ज्यांचे उपाय थकले ते वैद्य आणि हकीम होते तरी कोण, आणि बीदरला ते आले कोठून?

याचे उत्तर फिरिश्ता देतो. याच अल्लाउद्दीनाने बीदरमध्ये मोठे रुग्णालय बांधले, औषधे व पथ्याचे अन्न यांच्या खर्चासाठी गावे लावून दिली, आणि तेथे मुसलमान हकीम व हिंदू वैद्य असे दोन्ही नेमले. पंधराव्या शतकातील ही व्यवस्था आहे. हिंदू वैद्य या मातीतले असणार. हकिमांचा वर्ग मात्र पुष्कळसा परमुलखातून आलेला होता. त्यांच्याबरोबर इराणातून हिंग, केशर, गुलाबपाणी येई आणि परतीच्या गलबतांत आपली मिरी, सुंठ, हिरडे जात. औषध ज्या वाटेने प्रवास करी त्याच वाटेने औषध जाणणारा माणूसही प्रवास करी. दाभोळ, चौल, गोवे येथे उतरावे, घाट चढावा, आणि बीदर गाठावे.

राजधानी कलबुर्गीस होती तेव्हापासूनचीच ही रीत. फिरोजशहा बहमनी गोवे आणि चौल येथून दरसाल जहाजे पाठवी आणि परदेशांतील गुणी माणसे आणण्यास नाखव्यांना सांगे, असे फिरिश्त्याने लिहिले आहे. त्याच्या पदरी हकीम हसन गीलानी होता. १४०७ मध्ये दौलताबादेजवळ आरंभिलेली वेधशाळा या हकिमाच्या मृत्यूमुळे अर्धीच राहिली. फिरिश्ता स्वतः कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा, लहानपणीच दख्खनेत आलेला. म्हणून की काय, परदेशी माणसाविषयी लिहिताना त्याची लेखणी अंमळ ओली होते.

आज बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद येथील मुलगा फार्मसीची पदवी घेऊन आखाती देशांकडे किंवा इंग्लंडकडे पाहतो तेव्हा आपण काही नवे करीत आहोत असे त्याला वाटते. सहाशे वर्षांपूर्वी गीलानचा किंवा शिराझचा मुलगा तसाच कलबुर्गीकडे पाहत होता. एके काळी आपला हा कोरडा मुलूखच दुसऱ्यांचा परदेश होता. त्या जुन्या हिशेबाची वही उघडली तर एक गोष्ट वारंवार दिसते. मोबदला जाणाऱ्याच्या हाती लवकर पडतो. किंमत मागाहून वसूल होते, आणि पुष्कळदा ती भलत्याच माणसाकडून.

मोबदला खरोखर मोठा होता. महमूद गावान १४५३ मध्ये व्यापारी म्हणून दाभोळास उतरला तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता. बीदरला येताच त्याला मनसब मिळाली आणि त्या नलगोंड्याच्या बंडावर त्यालाच धाडले गेले. त्याच्याकडे कोणी परीक्षेचे प्रमाणपत्र मागितले नाही. पुढे तो वजीर झाला आणि १४७२ मध्ये त्याने तो प्रसिद्ध मदरसा पुरा केला. त्याची पत्रे ‘रियाजुल इन्शा’ या संग्रहात आहेत. मागे राहिलेल्या घराशी माणूस पत्रांनी किती वर्षे बांधलेला राहतो हे त्यांत दिसते. अखेर १४८१ च्या एप्रिलात, कोंडपल्लीच्या छावणीत, बनावट पत्राच्या आरोपावरून त्याचा शिरच्छेद झाला. खजिना उघडला तर त्यात फारसे काही नव्हते.

पण गावानाने निदान आपली किंमत आपणच दिली. चाकणला तसे झाले नाही. १४४६-४७ च्या सुमारास कोकणच्या मोहिमेत मलिक-उत्-तुज्जार मारला गेला. वाचलेले परदेशी चाकणच्या किल्ल्यात आश्रयाला आले. दख्खनी सरदारांनी सुलतानाचे कान भरले, अभय देऊन त्यांना बाहेर काढले, आणि मेजवानीस बोलावून कापले. सुलतान तोच, रुग्णालय बांधणारा अल्लाउद्दीन. सत्य उमगल्यावर त्याने अपराध्यांना शिक्षा केल्या. मेलेल्यांना त्याचा काय उपयोग? आफाकी आणि दख्खनी यांचे हे वैर पुढे बहमनी राज्यच पोखरून गेले. यात एकटे दख्खनी दोषी होते असे आम्हांस वाटत नाही. बाहेरून आलेल्याला मानाची जागा मिळताना घरच्याला मागे सारले गेले, ही तक्रार अगदी खोटी नव्हती.

बीदरला जाणाऱ्या बंदरांपैकी गोवे १५१० मध्ये पोर्तुगीजांनी घेतले आणि औषधांच्या वाटेवर निराळी माणसे आली. तोमे पिरेश हा खरोखरीचा औषधविक्रेता, पोर्तुगालच्या राजपुत्राच्या पदरचा. १५११ मध्ये तो कण्णूरला औषधी द्रव्यांच्या खरेदीचा अधिकारी म्हणून आला, पुढच्या वर्षी मलाक्क्यास गेला, आणि पूर्वेकडील देशांचे एक मोठे वर्णन त्याने लिहिले. त्यात दख्खनही आहे. १५१६ मध्ये त्याने आपल्या राजाला औषधी द्रव्यांविषयी पत्र लिहिले. लगेच त्याला चीनकडे वकील म्हणून पाठविले गेले. तेथे तो कैदेत पडला आणि मायदेशी परतलाच नाही.

गार्सिया द ओर्टा १५३४ मध्ये गोव्यास आला. तो वैद्य होता आणि औषधांचा व्यापारही करी. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचे येणेजाणे होते. हिंदू वैद्यांना विचारून त्याने हिरडा, आवळा, हिंग यांची माहिती व देशी नावे जमविली, आणि १५६३ मध्ये गोव्यातच ग्रंथ छापला. धन मिळाले, मान मिळाला, १५६८ मध्ये तो अंथरुणावर मेला. परंतु तो मूळचा ज्यू घराण्यातला. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्येच आले होते. १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला, कातारीनाला, जिवंत जाळले. १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळली. ज्या भूमीला त्याने आपली विद्या दिली, त्या भूमीत त्याच्या हाडांना बारा वर्षांपलीकडे जागा मिळाली नाही.

याच छळामुळे आपली माणसेही वाटेला लागली. देव आणि औषधांच्या पोथ्या घेऊन गोव्याची सारस्वत घराणी दक्षिणेस उतरली. कोचीच्या कोकणी समाजाने १५९९ मध्ये तिरुमल देवस्थान उभारले. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतल्यावर त्यांचा अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ करावयास घेतला. त्याला साह्य करणाऱ्यांत इट्टी अच्युदन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य होते. ‘हॉर्तुस मलबारिकस’चे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला निघाले. पहिल्या खंडात या तिघांचे १६७५ मधील प्रमाणपत्र आहे, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत. आपल्या भाषेचे ते सर्वांत जुन्या छापील लेखनांपैकी एक. मोबदला म्हणावा तर हा. मात्र ते छापले गेले परक्याच्या देशात, परक्याच्या ग्रंथात. आणि गोव्यातील त्यांच्या घरांची वाट तोवर शतकभर बंद होती.

आता या पोथीची अलीकडची पाने. आपल्याकडे फार्मसीचे विद्यापीठीय शिक्षण महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयात सुरू केले. ते स्वतः अमेरिकेत शिकून परत आले होते. १९४८ मध्ये फार्मसी कायदा झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हाच दुभंगला. उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे गेली. भालकी, औराद, हुमनाबाद दुसरीकडे. येथील मराठी घरांना परप्रांत होण्यासाठी घर सोडावे लागले नाही. म्हणून परदेशाचे भय आमच्याकडे थोडे कमीच.

परंतु गावानाला जे विचारले नाही ते आज सारे विचारतात. आखातात पदवीची पडताळणी आणि परवान्याची परीक्षा. इंग्लंडात वर्षभराचा अभ्यासक्रम, मग वर्षभर देखरेखीखाली काम, मग परीक्षा. अमेरिकेने २००३ पासून पदवीधरास पाच वर्षांचा अभ्यासक्रम आवश्यक केला, आपली बी. फार्म. चार वर्षांची, त्यामुळे तिच्या बळावर ती वाट बंद झाली. २००८ मध्ये सहा वर्षांची फार्म. डी. आपल्याकडे आली. या साऱ्याचे शुल्क घरचे शेत गहाण ठेवून भरणारे बाप आहेत. पुढे मुलाकडून पैसे येतात, कर्ज फिटते, घरावर स्लॅब पडतो, बहिणीचे लग्न थाटात होते. हे खोटे नाही, आणि त्याला नावे ठेवण्याचा अधिकार गावात बसून राहिलेल्यांना नाही.

मात्र कायद्याने औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. आमच्या भागातील एका तालुक्याच्या गावी असे दुकान आम्ही पाहिले आहे. प्रमाणपत्र काचेत मढवून भिंतीवर टांगलेले. त्यावरील तरुण कित्येक वर्षे समुद्रापलीकडे. आणि गल्ल्यावर दहावी झालेला पोरगा, चिठ्ठीवरचे अक्षर लागेना म्हणून ती उजेडाकडे धरून पाहणारा. समोर उभ्या असलेल्या म्हातारबुवांनी त्याला गोळीचा रंग सांगितला, आणि त्याने तो पाहून पुडी बांधून दिली.