‘बंगाल’ जहाज आणि टोपास

युद्धनौकेचा इतिहास म्हणजे तिच्या तोफेचा आणि कप्तानाचा इतिहास, असा समज आपल्या पाठ्यपुस्तकी मनात घट्ट बसलेला आहे. ‘बंगाल’ या जहाजाची हकिकतही अशीच सांगितली जाते.

सिडनीच्या गोदीत बांधलेले हे छोटे जहाज ऑगस्ट १९४२ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाले. सुरुंग काढणे आणि व्यापारी जहाजांना सोबत करणे हे त्याचे काम. पहिल्याच मोठ्या सफरीत ते ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या संरक्षणाला होते. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, ‘होकोकु मारू’ आणि ‘आयकोकु मारू’ ही जपानी सशस्त्र जहाजे समोर आली. ती प्रत्येकी दहा हजार टनांच्या वरची. ‘बंगाल’ सातशे टनांच्या आसपासचे, त्यावर मुख्य तोफ एकच, तीन इंची. कप्तान विल्सनने ‘ओंदिना’ला निसटायला सांगितले आणि आपले जहाज सरळ शत्रूच्या अंगावर घातले. ‘होकोकु मारू’ पेटले, स्फोट होऊन बुडाले. ‘ओंदिना’चा कप्तान ठार झाला, पण दोन्ही जहाजे तरली. निर्णायक गोळा कोणत्या जहाजाचा, हा वाद पुढे चालत राहिला. विल्सनला डी.एस.ओ. मिळाले. स्वातंत्र्यानंतर जहाज भारतीय नौदलात राहिले आणि १९६० मध्ये मोडीत निघाले.

धाडस खरेच होते, ते नाकारायचे कारण नाही. माझा प्रश्न निराळा आहे.

त्या काळच्या नौदलात ‘टोपास’ नावाची एक हुद्द्याची जागा होती. शब्द जुना. पोर्तुगीज काळात तो मिश्र वंशाच्या ख्रिस्ती शिपायांना लावत. पुढे जहाजावरचा झाडूवाला असा त्याचा अर्थ झाला, आणि १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात तो नोंदला गेला. शिपायाचा शब्द झाडूपर्यंत घसरला, हीदेखील एक सामाजिक घटनाच म्हणायची. टोपास मुख्यतः मेहतर-भंगी जातींतून घेत. गणवेश नौदलाचा, नोकरी युद्धाची, काम मात्र जन्माने ठरलेले! १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार बटालियन उभी राहिली. सैन्याने १८९० च्या दशकात दाराबाहेर काढलेल्या जातीच्या हाती पुन्हा बंदूक आली. समुद्रावर मात्र शिडीची ही शेवटची पायरी जागची हलली नाही. टॉर्पेडो जहाजाच्या पोटात शिरतो तेव्हा तो तोफखान्याचा माणूस आणि संडास धुणारा माणूस निवडत नाही. निवड करतो तो इतिहासकार.

फेब्रुवारी १९४६ चे नाविकांचे बंड आपण अभिमानाने शिकवतो. समान पगार, बरे अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ बंद, आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटका, इंडोनेशियातून सैन्य मागे — मागण्या थोर होत्या. झाडू एकाच जातीच्या हाती का, हा प्रश्न त्या यादीत नव्हता. गोऱ्या-काळ्यातला भेद दिसला. काळ्या-काळ्यातला दिसला नाही.

वाशीच्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हार्बर लाईनने मशीद बंदरला उतरायला सांगतो. तिथल्या इंडियन सेलर्स होममध्ये दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्यांच्या स्मरणाची वही आहे. नौदलाचे चारशेच्या वर, व्यापारी जहाजांवरचे हजारो. स्मारकाच्या नोंदीत नावाशेजारी हुद्दा असतो. हुद्द्याचा रकाना बोट ठेवून वाचत जा, असे मी त्यांना सांगतो.