प्रोजेक्टर मागच्या खोलीत का गेला?

चित्रपटगृहात शेवटच्या रांगेच्याही मागे, बाल्कनीच्या डोक्यावर, भिंतीत काही लहान चौकोनी झरोके असतात. प्रोजेक्टरचा झोत तेथून निघतो. चित्र उत्तम दिसावे म्हणून ही जागा निवडली गेली, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ती ठरवण्यात आगीच्या भीतीचा वाटा फार मोठा होता.

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रँ कॅफेत ल्युमिएर बंधूंचा खेळ झाला, तेव्हा यंत्र प्रेक्षकांच्याच दालनात होते. ७ जुलै १८९६ रोजी तोच सिनेमॅटोग्राफ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आला. यंत्र लहान, हाताने फिरवायचे. पडद्यासमोर सरळ मांडणे अवघड नव्हते.

मग ४ मे १८९७ उजाडला. पॅरिसमध्ये ‘बाझार द ला शारिते’ हा धर्मादाय मेळा भरला होता. लाकडी मंडप, आत रंगवलेल्या कापडांची मध्ययुगीन गल्ली. सिनेमाच्या यंत्राचा दिवा ईथरवर चालत असे. दिव्यात ईथर भरल्यावर वाफ कोंडलेली असतानाच कोणीतरी काडी ओढली. सुमारे १२६ जणांचा बळी गेला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिची धाकटी बहीणही त्यांतच गेली.

या आगीची सुरुवात फिल्मने केली नव्हती, हे आवर्जून नोंदवायला हवे. पण फिल्म तरी कुठे निरुपद्रवी होती? ती सेल्युलोज नायट्रेटची, म्हणजे गनकॉटन या स्फोटकाच्या जवळच्या नात्यातली. पेटली की ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन ती स्वतःच पुरवते. पाण्यात बुडवली तरी विझत नाही. अशी पट्टी कार्बन आर्कच्या तापलेल्या झोतासमोरून धावत असे. क्षणभर अडकली, तरी घात!

ब्रिटनच्या १९०९ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने यंत्र अग्निरोधक खोलीत बंद करणे भाग पाडले. झरोक्यांना झडपा आल्या. आग लागताच त्या पाडायच्या, म्हणजे ज्वाळा प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाहीत. आत ऑपरेटर उरतो, हा भाग सहसा कोणी बोलत नाही. भारतातही १९१८ च्या कायद्याने चित्रपटगृहाचा परवाना प्रेक्षकांच्या सुरक्षिततेशी जोडला. नियम मोडले की काय होते, हे १९२६ साली आयर्लंडमधील ड्रमकॉलोहर गावात दिसले. माळ्यावर खेळ चालू होता, फिल्मची रिळे उघडी पडलेली, शेजारी मेणबत्ती. ४८ माणसे गेली.

खोली आली, बाल्कनी आली, आणि यंत्र उंच चढले. वरून तिरपा झोत टाकला की पडद्याचा खालचा भाग यंत्रापासून अधिक दूर पडतो. चित्र खाली रुंद, वर निमुळते होते. कोन १८ अंशांचा असेल, तर उंची सुमारे ५ टक्क्यांनी ताणली जाते. नायक थोडा उंच दिसतो, एवढीच काय ती सोय! उपाय दोनच होते: पडदा मागे कलता बसवणे, किंवा यंत्रातील अ‍ॅपर्चर प्लेट कानशीने घासून कडा सरळ दाखवणे. दुसऱ्या उपायाने कडा सुधारतात, चेहरे नाहीत. महाराष्ट्रातील जत्रांच्या तंबूत यंत्र मागे उभ्या केलेल्या ट्रकमध्ये असे. तिथे बाल्कनीच नसल्याने हा प्रश्न फारसा छळत नसे.

१९५० च्या सुमारास नायट्रेट जाऊन ‘सेफ्टी फिल्म’ आली. भीती ओसरली, खोली राहिली.

डिजिटल प्रोजेक्टर आला तोही याच खोलीत. जुन्या काळी रिळे आलटूनपालटून चालवण्यासाठी दोन यंत्रे शेजारीशेजारी असत, म्हणून नेमके मध्यावर एकही नसे. आता एकच यंत्र पुरते, पण झरोका मध्यावर नसेल तर भिंत फोडावी लागते. नियम साधा आहे: यंत्राचे तोंड पडद्याला समांतर ठेवायचे आणि चित्र वर-खाली न्यायचे ते यंत्र कलवून नव्हे, तर आतली लेन्स सरकवून. या सरकवण्यालाही मर्यादा असते. खोली फार उंच असेल तर यंत्र थोडे कलवावेच लागते. संगणकाने चित्र सरळ करता येते, पण त्यात २०४८ × १०८० ठिपक्यांपैकी काही वाया जातात. त्यामुळे जाणकार तंत्रज्ञ आधी यंत्राखालचे पाय फिरवून पाहतो.

झेनॉन दिव्याची उष्णता आणि पंख्यांचा आवाज यांमुळे या खोलीला आता दुसरे काम मिळाले आहे. झरोक्याला काच आहेच. झडप मात्र काही जुन्या चित्रपटगृहांत अजून गंजत लटकलेली दिसते.