पश्चिमेकडे उतरता जिल्हा

साल १९७०, दिवाळीचे दिवस. अस्तंब्याच्या चढावर तुम्ही मागे पडला आहात. पुढची पावरा पोरं भाकरीचं गाठोडं खांद्याला लावून अंधारातही वाट चुकत नाहीत. वर अश्वत्थाम्याचं ठाणं, उंची सुमारे १,३२५ मीटर. दम खा. उजाडलं की आजच्या नंदुरबार जिल्ह्याचा मुलूख आपोआप उलगडेल: उत्तरेला सातपुड्याचे उतार नर्मदेपर्यंत, दक्षिणेला तापीकाठचं काळं, सपाट रान. महाराष्ट्राच्या बहुतेक थोर नद्या पूर्वेला जातात. या दोघी पश्चिमेला, गुजरातेत. माणसंही तिकडेच जातात. तुमच्या पुढे चालणारा तो तरुण यात्रा आटोपली की मुकादमाची उचल घेईल आणि बायकोसकट बारडोलीकडच्या उसात कोयता चालवायला निघेल.

आता खाली उतरा, १९७२च्या शहाद्यात. बागायत गुजर-पाटलांची, राबणारा भिल्ल. कुणी सालदार म्हणून वर्षभरासाठी बांधलेला, कुणाची जमीन सावकाराच्या वहीत अडकलेली. गेल्या वर्षी २ मे रोजी पाटीलवाडीला धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या, एक जण जागीच गेला. त्या धगीतून उभी राहिलेली ही सभा पाहा. भजनी मंडळांतून गावोगाव फिरलेले अंबरसिंग महाराज बोलताहेत, श्रमिक संघटनेची तरुण मंडळी बाजूला उभी आहेत. सभेतल्या बायकांकडे नीट बघा. थोड्याच दिवसांत त्या दारूच्या गुत्त्यांत शिरून मडकी फोडणार आहेत. सरकारी गॅझेटियरपेक्षा हा जिल्हा त्या बायकांकडून समजून घ्यावा, असं माझं मत आहे.

१९९३चा पावसाळा. मणिबेली, नर्मदेचा काठ. पाणी अंगणात आलंय आणि घरातली माणसं हलायला तयार नाहीत. सरदार सरोवरासाठी १९८५ साली मंजूर केलेल्या ४५ कोटी डॉलरच्या कर्जातून जागतिक बँक याच वर्षी मार्चमध्ये बाहेर पडली. धरणाची भिंत मात्र थांबलेली नाही. हिशेब नर्मदेच्या पाणीवाटपाच्या लवादाने १९७९ सालीच लिहून ठेवलाय: गुजरातला ९० लाख एकर-फूट पाणी, महाराष्ट्राला अडीच लाख. विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. बुडणारी गावं महाराष्ट्रातली ३३, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. एवढ्या सरळ गणिताला पुनर्वसन म्हणायचं धाडस वाखाणण्यासारखंच.

१ जुलै १९९८ला धुळ्यातून सहा तालुके तोडून नंदुरबार जिल्हा झाला. कलेक्टर कचेरी जवळ आली, अक्राणीतल्या धडगावकरांसाठी तरी थोडीशीच.

२९ सप्टेंबर २०१०, टेंभली, तालुका शहादा. खेड्यात पंतप्रधान आणि सोनिया गांधी, बंदोबस्त, कॅमेरे. देशातलं पहिलं आधार इथं दिलं जातंय. ज्या गावांतून दरसाल माणूस पोटासाठी परमुलखात जातो, तिथे ओळखीच्या कागदाची गरज खरीच. पण घरी राहून पोट भरेल असं काम काही त्या दिवशी कुणी वाटलं नाही.

पुढच्याच वर्षी जनगणना: सुमारे साडेसोळा लाख वस्ती, शंभरातले ६९ आदिवासी, शहरांत राहणारे जेमतेम १७. हिवाळ्यात नंदुरबार शहराबाहेर या. मिरचीच्या पथाऱ्या लांबवर लालभडक पसरलेल्या, नाकातोंडाला पदर बांधून देठ खुडणाऱ्या बाया, आणि तुम्ही पहिल्याच श्वासाला ठसकता. हा व्यापार मोठा आहे, मसाल्याचे कारखाने इथला माल उचलतात. खुडणाऱ्या बाईला मजुरी मिळते.

आता नवापूर. या स्टेशनात तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. फलाटावर बोचकी, पातेली, कोयते आणि मांडीवरची लेकरं. खिडकीपाशी रांग लागलीय, तुम्हीही उभे राहा. सुरतेची गाडी येतेय आणि उसाचा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालणार आहे.